बेसिन क्रमांक सतरा

वरच्या खोलीतल्या बादलीच्या बुडाला नंबर होता. चोवीस. मगाला पंचवीस. उशांचे नंबर खोळी काढल्यावर दिसत आणि पायपुसण्याचा पाठीवर होता. खिडकीच्या पडद्यांना सात अ आणि सात ब असे क्रमांक होते, कारण पडदे दोन असले तरी दांडी एकच होती, आणि एका दांडीवरच्या दोन वस्तूंना वेगवेगळे क्रमांक देणं स्टोअरसाहेबांच्या मते शास्त्राला सोडून होतं.

स्टोअरसाहेबांनी एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याचं भांडार सांभाळलं होतं. आपल्या हातांनी त्यांनी हजारो नळ आणि लाखो वायसर दिले, आणि प्रत्येक वेळी समोरच्याची सही घेतली. निवृत्तीच्या दिवशी मोजणी झाली तेव्हा अख्ख्या भांडारात अर्ध्या इंचाचा एक पाइपाचा कोपरा कमी भरला. तोही आधीच्या माणसाच्या काळात गेलेला आहे, हे त्यांनी कागद काढून सिद्ध केलं. कुणाला मुलांचा अभिमान असतो, कुणाला गळ्याचा. स्टोअरसाहेबांना त्या कोपऱ्याचा होता.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि वरची खोली रिकामी पडली. तिनेच फोनवरून ती खोली एका ॲपवर टाकली. दोन-तीन दिवसांसाठी माणसं येतात, राहतात, पैसे देतात आणि जातात, एवढंच काम होतं. पण 'येतात, राहतात आणि जातात' हे शब्द ऐकल्यावर स्टोअरसाहेबांच्या अंगात सात वर्षं झोपलेलं भांडार जागं झालं. त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक वही आणली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'जडवस्तू संग्रह नोंदवही' असं लिहिलं, पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेतला आणि ते जिना चढून गेले. चार दिवसांनी उतरले तेव्हा खोलीत नंबर नसलेली वस्तू फक्त हवा होती.

वहीत प्रत्येक वस्तूचा क्रमांक, नग, ठिकाण, स्थिती आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यावर त्यांचं विशेष प्रेम होतं. 'खुर्ची, एक, चालू' असं कुणीही लिहील. 'मागचा उजवा पाय किंचित आखूड, खाली पुठ्ठा' हे लिहायला माणूस त्या खुर्चीवर बसलेला असावा लागतो.

काकूंनी हे सगळं पाहिलं आणि हद्द आखून दिली. "तुमचा ब्रश पहिल्या पायरीच्या खाली आला तर मी माहेरी जाईन," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात मला परीक्षेला बसल्यासारखं वाटायला नको." तेव्हापासून वरचा मजला साहेबांचा, खालचा काकूंचा. जिना मात्र कुणाच्या हद्दीत ते ठरलं नव्हतं, म्हणून जिन्याखालच्या अडगळीची नोंद साहेबांनी तहाचा फायदा घेऊन उरकून टाकली.

पाहुणे येऊ लागले. ॲपवर त्यांचे अभिप्रायही येऊ लागले. एकाने लिहिलं, 'खोली स्वच्छ, काका-काकू प्रेमळ, चमचा मात्र मोजून परत द्यावा लागतो.' दुसरीने लिहिलं, 'वस्तुसंग्रहालयात झोपल्याचा आनंद मिळाला.' काकूंनी हे वाचून कपाळाला हात लावला. साहेबांनी ते दोन्ही अभिप्राय वहीत चिकटवले.

काकूंचा धाकटा भाऊ विमा एजंट होता. तो आला की आपण किती तऱ्हांनी मरू शकतो याची घरातल्या माणसांना नव्याने माहिती व्हायची. खोली भाड्याने जाते म्हटल्यावर तो चपला न काढताच आत आला.

"भावोजी, तुमचा घराचा विमा आहे, पण त्यात पैसे देऊन राहणारा माणूस बसत नाही. फुकट राहणाऱ्याने घर पेटवलं तर कंपनी विचार तरी करेल. पैसे देणाऱ्याने कप फोडला तरी ती हात वर करणार."

"म्हणजे तू फोडलास तर चालेल."

"मी घरचा."

"तेच म्हणतोय."

मेहुण्याने तरीही पाहुण्यांकडून होणाऱ्या अपघाती नुकसानीची एक पुरवणी त्यांच्या गळ्यात मारली. माणसं असे कागद सही करून कपाटात टाकतात. स्टोअरसाहेबांनी ती बावीस पानं पट्टी धरून वाचली, आणि अट क्रमांक नऊवर आल्यावर त्यांचे डोळे पाणावले. पाहुणा येण्यापूर्वी वस्तू कोणत्या स्थितीत होत्या हे दाखवणारा, पाहुण्याच्या सहीचा कागद असावा, असं तिथे लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी कंपनीने त्यांना त्यांच्या भाषेत पत्र लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते कार्बन पेपर आणायला गेले. दुकानदाराने त्यांच्याकडे दौत मागितल्यासारखं पाहिलं, आणि आतल्या खणातून धूळ झटकत एक पाकीट काढून दिलं.

त्या दिवसापासून प्रत्येक पाहुण्याला आधी ताबा पावती, मग किल्ली.

एक्केचाळिसाव्या पावतीचा पाहुणा हा एक व्याख्याता होता. गुळगुळीत डोक्याचा, सावकाश बोलणारा, बोलण्याआधी डोळे मिटणारा. मोठमोठ्या कंपन्या त्याला 'आयुष्यातला तोल' या विषयावर बोलायला बोलवायच्या.

"हे सगळं वाचायचं?" पावतीवरच्या त्रेसष्ट ओळी बघून त्याने विचारलं.

"वाचून सही करायची."

व्याख्याता वाचू लागला आणि सतराव्या ओळीवर थांबला. वॉशबेसिन, पांढरं, नग एक. स्थिती : चालू. शेरा : डाव्या कडेला केसाएवढी चीर, लांबी दोन इंच. त्याने डोळे मिटले.

"काका, माणसाच्या मनातल्या चिरांची अशी नोंद कुणी ठेवत नाही."

"त्या भांडारात येत नाहीत," साहेब म्हणाले. "इथे सही. खाली तारीख."

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब खाली बसून पेपर वाचत होते. काकू खिडकीपाशी त्यांच्या शिलाई मशीनवर पडदे शिवत होत्या. ते मशीन काकूंनी त्यांच्या पहिल्या कमाईतून घेतलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी. मुलीच्या शाळेची फी त्यावर शिवली गेली होती, आणि अजूनही गावातल्या निम्म्या खिडक्या काकूंच्या शिलाईमागे लाज राखून होत्या. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या म्हणून काकू उठून दाराशी गेल्या, आणि त्याच वेळी पेपरावर एक थेंब पडला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. दुसरा थेंब चष्म्यावर पडला. वर छताकडे पाहिलं तर मशीनच्या बरोबर डोक्यावर एक ओला डाग पसरत होता आणि मध्ये फुगत होता. त्यांनी जिन्यातून हाका मारल्या. व्याख्याता नऊलाच बाहेर पडला होता.

"मुख्य झडप बंद करा आधी," मुख्याध्यापिकाबाई दारातून म्हणाल्या. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण आवाजाला अजून पगार चालू होता.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्टोअरसाहेबांनी नोकरीत अकरा हजारांवर झडपा दिल्या होत्या. कुठली कितीची, पितळी की लोखंडी, कुठल्या कप्प्यात, झोपेत विचारलं तरी सांगतील. पण स्वतःच्या हाताने त्यांनी एकही कधी फिरवली नव्हती, आणि आपल्या घरातली कुठे आहे हे या क्षणी त्यांना आठवेना. त्यांनी तेच केलं जे भांडारातला माणूस करतो. वही उघडली आणि मागच्या सूचीवर बोट ठेवलं.

"अहो, बघा ना काहीतरी," काकू ओरडल्या.

"बघतोय. झ मध्ये असेल."

ती झ मध्येच होती. क्रमांक अठ्ठ्याण्णव. झडप, मुख्य, पितळी, नग एक. ठिकाण : जिन्याखाली, रद्दीच्या गठ्ठ्यामागे. शेरा : घट्ट.

शेरा अचूक निघाला. साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरली, मग रुमाल गुंडाळून धरली, मग मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बाजूला करून धरली. झडप फिरली आणि त्याच दमात छताचा जेवणाच्या टेबलाएवढा गिलावा सुटला आणि शिलाई मशीनवर येऊन बसला.

धूळ खाली बसली. मशीनचा लाकडी पाट मधोमध तुटला होता, चाक एका बाजूला कललं होतं आणि सुईखाली अर्धा शिवलेला पडदा तसाच होता. काकूंनी मशीनवरचा गिलाव्याचा एक तुकडा उचलला, बाजूला ठेवला आणि आत निघून गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

व्याख्याता दुपारी परतला आणि सगळं शांतपणे सांगता झाला. तो रोज सकाळी सात मिनिटं डोक्यावर उभा राहतो. खोलीत गालिचा असल्यामुळे मानेला नीट आधार मिळेना, म्हणून तो बाथरूममध्ये उभा राहिला आणि तोल जाऊ नये म्हणून पाय बेसिनवर टेकवले.

"पाचव्या मिनिटाला आधार गेला," तो म्हणाला.

"मग?"

"मी श्वासाकडे लक्ष दिलं."

"आणि पाण्याकडे?"

"ते बाहेरचं होतं, काका."

सात मिनिटं पुरी करून, दार लावून, तो तोलावर बोलायला गेला होता.

त्या संध्याकाळी तो खोली सोडून गेला. भरपाई मागितली तेव्हा त्याने ॲपवाल्यांना उलट कळवलं, की बेसिन आधीच कमजोर होतं, यजमानांनी स्वतः त्याला चीर असल्याचं लिहून दिलं आहे, सोबत पावतीचा फोटो जोडला आहे. ॲपच्या मदतकेंद्रातून साहेबांना निरोप आला, 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' साहेबांनी विचारलं, कोण समजू शकतं, नाव आणि हुद्दा कळवा. त्यावर पुन्हा तोच निरोप आला. तिसऱ्यांदा तोच आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडे माणूसच नाही. एकतीस वर्षांत अनेक खात्यांशी त्यांचा पत्रव्यवहार झाला होता, तिथेही हाच संशय येई, पण निदान शिक्का असायचा. चौथ्या निरोपात प्रकरण बंद केल्याचं कळवलं होतं.

आता गल्लीला विषय मिळाला. समोरचे औषधवाले म्हणाले, "पाहुण्याला घरात घेण्याआधी त्याला काही वेळ सरळ उभं करून बघायला हवं होतं." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चीर लिहायची काय गरज होती? मी मुलांच्या प्रगतिपुस्तकात कधी खरं लिहिलं नाही, म्हणून पालक अजून नमस्कार करतात." नळवाला बेसिनचे तुकडे पोत्यात भरून न्यायला लागला, तर साहेबांनी त्याला अडवलं. सगळे अकरा तुकडे त्यांनी वेगवेगळ्या पिशव्यांत भरले आणि त्यांवर सतरा/एक ते सतरा/अकरा अशा चिठ्ठ्या लावल्या. नळवाल्याने पैसे घेताना काकूंना हळूच विचारलं, साहेबांकडे लक्ष द्यायला घरात कुणी आहे ना.

काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बोलल्या.

"मला एक सांगा. पायपुसण्याला नंबर आहे, माझ्या मशीनला आहे?"

साहेबांनी वही काखेत घट्ट धरली.

"म्हणजे जे मोडलं त्याची तुमच्या वहीत ओळ नाही, आणि ज्याची ओळ होती त्या ओळीनेच आपला घात केला. आता ऐका. विम्याचे पैसे आले तर तुम्ही दाखवाल तिथे मी सही करीन. नाही आले तर वही रद्दीत आणि वरच्या खोलीला कुलूप. तुमचं भांडार बंद."

ही धमकी नव्हती, तारखेसारखी गोष्ट होती. साहेबांना माहीत होतं, या घरात काकूंनी दोन वेळा असं काही सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा ते झालं होतं. पहिल्यांदा त्यांची मिशी गेली होती.

मेहुणा दाव्याचा अर्ज घेऊन आला. दोघे टेबलाशी बसले.

"नुकसान कोणत्या वस्तूमुळे झालं?" मेहुण्याने वाचलं.

"पाहुणा."

"तसं नाही लिहायचं. अपघाताच्या वेळी ती वस्तू स्थिर होती की हलती?"

"उलटी."

"भावोजी, सरळ उत्तर द्या."

"सरळ असता तर अर्ज कशाला भरला असता?"

मेहुण्याने सुस्कारा सोडला आणि नोंदवही पुढे ओढली. सतराव्या ओळीवर येताच त्याचा चेहरा पडला. "ही चीर आपल्याला गाडणार," तो म्हणाला. "जुना दोष होता म्हटलं की कंपनी बेसिनही देत नाही, छतही देत नाही, अन् ताईचं मशीन तर नाहीच. शेरा बदलू या."

"बदलू म्हणजे?"

"म्हणजे... नसला तर बरं."

"वहीत खाडाखोड नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. मेहुणा वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढून आणतो म्हणून गेला, अर्ध्या तासाने आला आणि वही जागेवर ठेवून घाईने निघून गेला. त्याच्या बहिणीने नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. पण ती त्या वेळी हाताने पडद्याला टीप घालत होती.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आठवड्याने आला. उंच, बारीक, खांद्यावर पिशवी, खिशात टॉर्च आणि मोजपट्टी. दारातच त्याने सांगितलं, की तो दाव्याच्या घरी चहा घेत नाही. माणूस चहा प्यायला की त्याला छतात ओल कमी दिसते, असा त्याचा बावीस वर्षांचा अनुभव होता. मेहुणा आधीच येऊन बसला होता आणि उगाच हसत होता.

सर्व्हेअरने छत पाहिलं, मोजलं, वर जाऊन भिंतीतून उपटलेल्या खिळ्यांची भोकं पाहिली. मग खाली येऊन त्याने पिशव्या मागितल्या. सतरा/तीन हातात घेऊन तो खिडकीपाशी गेला आणि टॉर्च लावला.

"ही चीर जुनी आहे. आत साबणाचा थर बसलाय. दोन वर्षं तरी झाली असतील." त्याने तुकडा खाली ठेवला. "तुमच्या वहीत हिची नोंद मला दिसली नाही. मूळ वही बघू."

साहेबांनी वही उघडून दिली. सतराव्या ओळीच्या शेऱ्यावर पांढऱ्या शाईचा एक जाड थर होता.

एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. भर सभेत कुणी डोळ्यांवरचा चष्मा ओढून घ्यावा तसं त्यांना झालं. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा पंख्याकडे पाहत होता.

"इथे काय होतं?" सर्व्हेअरने विचारलं. आवाज शांत होता, आणि तोच जास्त वाईट होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. साहेब उठले आणि जिना चढू लागले. मेहुणा मागोमाग धावला आणि चौथ्या पायरीवर त्याने त्यांचा हात धरला.

"भावोजी, चीर कबूल करू नका. मी सांगतो, डाग पडला होता म्हणून शाई लावली. कबूल केलंत तर सगळं गेलं. ताईचं मशीनही."

"बाजूला हो."

"तुमच्या भल्यासाठी केलं मी."

"माहीत आहे. बाजूला हो. आणि पुन्हा माझ्या वहीला हात लावलास तर तुलाही नंबर देईन."

वरच्या लोखंडी कपाटातून त्यांनी चौदा नंबरची फाइल काढली. पावती क्रमांक एक्केचाळीस, कार्बन प्रत, निळसर, थोडी फिकट, खाली व्याख्यात्याची वळणदार सही आणि तारीख. खाली येऊन ती त्यांनी सर्व्हेअरसमोर ठेवली.

"चीर होती. दोन इंच. मी लिहिली होती आणि पाहुण्याने वाचून सही केली होती. पांढरी शाई माझी नाही, पण वही माझी आहे, म्हणून ती माझीच धरा. आता तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

सर्व्हेअरने पावती वाचली. सगळ्या त्रेसष्ट ओळी वाचल्या. आखूड पायाच्या खुर्चीपाशी त्याचा ओठ किंचित हलला. मग त्याने मोजपट्टी काढली, सतरा/तीन पुन्हा उचलला आणि चिरेला लावला.

"दोन इंच," तो म्हणाला. "सव्वा दोनही नाही."

त्याने बाकीच्या पिशव्या ओतल्या आणि जमिनीवर बसून अकरा तुकडे जुळवू लागला. दहा मिनिटं घरात फक्त चिनीमातीचा आवाज होता. शेवटी तो मागे सरकला.

"बेसिन उजवीकडून गेलंय. त्याला पेलणारा उजवा लोखंडी कंस भिंतीतून उपटला, तिथून तडा आला. डावीकडची चीर होती तेवढीच आहे, ती यात सामीलच नाही." त्याने चष्मा पुसला. "ही पावती नसती तर मी काय लिहिणार होतो सांगू? जुना दोष आढळला, तो नोंदीतून लपवला, दावा नामंजूर. तुकडा मी पाहिला तेव्हाच अर्धं वाक्य तयार होतं."

मेहुणा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

"आता शिलाई मशीन," सर्व्हेअरने पान उलटलं. "सव्वीस वर्षांचं. पडण्याआधी चालू होतं याला काही पुरावा?"

"मी रोज चालवत होते, हा पुरावा," काकू म्हणाल्या.

"बाई, मला मान्य आहे. पण तसं लिहिता येत नाही. बिल, दुरुस्तीची पावती, काहीही."

काकूंनी मान हलवली. सव्वीस वर्षांपूर्वीचं बिल कुणाकडे असतं. साहेबांनी घसा खाकरला. ते कुणाकडेच बघत नव्हते.

"शेवटून दुसरं पान," ते म्हणाले.

सर्व्हेअरने वही उलटी चाळली. त्या पानावर एकच नोंद होती. तो ती मोठ्याने वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज कचेरीतला राहिला नाही.

"क्रमांक एकशे एक. शिलाई मशीन, पायाचं, काळं, नग एक. ठिकाण : खालचा मजला, खिडकीपाशी. स्थिती : उत्तम. शेरा : रोज चालतं. दर रविवारी तेल. बंद असलं की घर सुनं वाटतं." त्याखाली दर वर्षीच्या तपासणीच्या तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द होता, 'चालू'. शेवटची तारीख दीड महिन्यापूर्वीची होती.

काकू मशीनपाशी गेल्या. त्यांनी ते कलतं केलं आणि खाली वाकून पाहिलं. लोखंडी तळाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक पांढऱ्या अक्षरांत १०१ लिहिलं होतं.

"हा ब्रश खाली कधी आला?"

"तू बाजारात गेली होतीस."

"आणि दर रविवारी तेल? मी तर कधी घालत नाही. मला वाटायचं, माझं मशीनच चांगलं आहे, कुरकुरत नाही."

साहेब वहीच्या पुठ्ठ्यावरची धूळ झटकत राहिले. ती तिथे नव्हती.

सर्व्हेअरने टोपण लावलं आणि पॅड मिटलं. "माझं लिहून झालं," तो म्हणाला. "आता चहा चालेल."

चहा वरच्या खोलीतल्या कपातून दिला, कारण खालचे कप मशीनशेजारच्या फळीसकट गिलाव्याखाली गेले होते. सर्व्हेअरने कप संपवून उलटा करून पाहिला, आणि साहेबांकडून कागद मागून घेऊन त्यावर लिहून दिलं, 'कप क्रमांक एकतीस मिळाला, सुस्थितीत परत केला.' खाली सही, खाली तारीख. साहेबांनी तो कागद आजही जपून ठेवला आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीतही अशी न मागता सही त्यांना कधी मिळाली नव्हती.

अठरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. छत मंजूर, मशीनची दुरुस्ती मंजूर, खालचे कप मंजूर. बेसिनमधून वयामुळे थोडी रक्कम कापली होती, ती साहेबांनी बरोबर असल्याचं स्वतः हिशेब करून पडताळलं, आणि पुढच्या पानावर कंपनीची सात पैशांची चूक सापडल्याने त्यांना दुहेरी समाधान मिळालं. पत्राच्या प्रतीसह सगळे कागद त्यांनी ॲपवाल्यांनाही पाठवले. उत्तर आलं, 'आपला आनंद आम्ही समजू शकतो.'

गल्लीचं मत एका दुपारीत फिरलं. औषधवाल्यांनी दुकानातल्या फळ्यांना नंबर घालायचे का, असं सहज विचारलं. मुख्याध्यापिकाबाई तर वही-पेन घेऊनच आल्या आणि कपाटातल्या भांड्यांपासून सुरुवात करायची की पुस्तकांपासून, याचं मार्गदर्शन मागू लागल्या. "शेऱ्यात खरं लिहायचं," साहेबांनी बजावलं. बाई म्हणाल्या, या वयात सवय बदलायला वेळ लागेल. मेहुणा गिऱ्हाइकांना सांगत फिरत होता, की एका दाव्यात आम्ही चिरेची लांबी मोजून कंपनीला नमवलं. 'आम्ही' हा शब्द साहेबांच्या कानावर आला. त्यांनी तो सोडून दिला. विजयी माणसाला थोडी नासधूस परवडते.

मशीन दुरुस्त होऊन आलं, नव्या पाटावर बसलं आणि खिडकीपाशी पुन्हा त्याचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी काकू म्हणाल्या, "आणा ती वही. शब्द दिला होता, सही करते."

साहेबांनी वही उघडून दिली, कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं आणि नव्या बेसिनला नंबर घालायला वर गेले. जुन्या बेसिनचा सतरा त्याला द्यायचा की नवा काढायचा, या प्रश्नात त्यांचा अर्धा तास गेला. खाली आले तेव्हा मशीन चालू होतं आणि वही टेबलावर मिटलेली होती.

त्यांनी सही पाहिली. ती होती. मग सवयीने शेवटून दुसरं पान उघडलं. एकशे एकच्या खाली काकूंच्या अक्षरात एक नवी ओळ होती.

'क्रमांक एकशे दोन. नवरा, नग एक. ठिकाण : खालचा मजला. स्थिती : जुनी, चालू. शेरा : घट्ट. परत करणे नाही.'

साहेबांनी ती ओळ पट्टी धरून दोनदा वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

"घालते," काकू पाय न थांबवता म्हणाल्या. "आधी तो ब्रश आणा. नंबर कुठे घालायचा ते मी ठरवणार."

साहेब ब्रश आणायला जिना चढले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुठली पायरी कुणाच्या हद्दीत येते हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.